ऑक्सिजन प्रकल्प देणगीत देताय? आधी वीजबिलाचं बोला

ग्रामीण रुग्णालयाच्या मागे पत्र्याची शेड, शेडवर देणगीदार कंपनीची पाटी, पाटीखाली लोकार्पणाची तारीख आणि दाराला कुलूप. २०२१ नंतर उभ्या राहिलेल्या बऱ्याच ऑक्सिजन प्रकल्पांची आजची अवस्था अशी आहे. आतलं यंत्र बहुतेक वेळा बरं असतं. देणाऱ्याची नियतही साफ असते. गाडं अडतं ते लोकार्पणानंतरच्या खर्चावर, कारण तो कुणाच्याच कागदावर नसतो.

सरकारी बाजूला हा खर्च निदान कागदावर तरी होता. जानेवारी २०२१ मध्ये पीएम केअर्समधून १६२ पीएसए (हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या) प्रकल्पांसाठी २०१ कोटी ५८ लाख रुपये मंजूर झाले. त्यातले सुमारे ६४ कोटी २५ लाख केवळ वार्षिक देखभाल करारासाठी होते: पहिली तीन वर्षं वॉरंटी, पुढची सात वर्षं देखभाल. म्हणजे तीन रुपयांतला जवळजवळ एक रुपया यंत्र चालतं ठेवण्यासाठी. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या निधीच्या) प्रस्तावात हा आकडा शोधून बघा. बहुतेक ठिकाणी 'एक वर्ष वॉरंटी' एवढ्यावर विषय संपलेला असतो.

खासगी क्षेत्रानं काहीच केलं नाही असं मुळीच नाही. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्राला द्रव ऑक्सिजन आला तो मोठ्या प्रमाणावर पोलाद आणि पेट्रोकेमिकल कारखान्यांतून. रायगडमधल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यासारख्या ठिकाणी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे अजस्र संच भट्टीसाठी आधीच चालू होते. तुटवडा टँकरचा होता. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला निघाली आणि भरलेले टँकर घेऊन २४ एप्रिलला नाशिकला पोचली. नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकरसुद्धा ऑक्सिजनसाठी वळवावे लागले.

साखर कारखान्यांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. मार्च २०२० मध्ये ज्यांच्याकडे डिस्टिलरी होती त्यांनी परवाना मिळताच सॅनिटायझर काढायला घेतला. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र साधं आहे: १० लिटरसाठी ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८,३३३ मिलिलिटर, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर, बाकी उकळून गार केलेलं पाणी, आणि भरल्यावर ७२ तास बाजूला ठेवायचं. कारखान्याला यातलं नवीन काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्यानं आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून ऑक्सिजन काढला. इथेनॉलमधलं शेवटचं पाणी काढायला झिओलाइटचे (विशिष्ट रेणू धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र दाण्यांचे) मनोरे वापरतात आणि हवेतला नायट्रोजन धरायलाही झिओलाइटच लागतं, फक्त वेगळ्या जातीचं. मनोरे, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह, ते चालवणारी माणसं, सगळं जागेवर होतं.

माझं मत यातूनच बनलं आहे. कंपनीला जे रोज करता येतं ते तिनं दिलं की गावाला उपयोग होतो. जे ती फक्त विकत घेऊ शकते ते दिलं की शेडला कुलूप लागतं. पुढे जे लिहितोय ते ऑक्सिजनबद्दल आहे, कारण तिथे हा फरक आकड्यांत दाखवता येतो.

आधी मागणी मोजा

बहुतेक देणग्या यंत्राच्या क्षमतेपासून सुरू होतात. 'मिनिटाला ५०० लिटरचा प्रकल्प देतो' असं कंपनी म्हणते, आणि रुग्णालय नाही म्हणत नाही. खरं तर सुरुवात खाटांपासून व्हायला हवी.

नियोजनासाठी केंद्र सरकारनं वापरलेला हिशेब असा होता: साध्या खाटेवरच्या ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला मिनिटाला १० लिटर, अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला २४ लिटर. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय धरा. साथीच्या ऐन भरात २० रुग्ण ऑक्सिजनवर आहेत, सरासरी ८ लिटरनं, आणि दोन गंभीर रुग्ण तालुक्याहून पुढे हलवायची वाट पाहताहेत. झाले १६० अधिक ४८, म्हणजे २०८. जुन्या पाइपलाइनची गळती आणि उघडे राहिलेले फ्लोमीटर (खाटेजवळची, प्रवाह दाखवून कमी-जास्त करणारी कळ) यासाठी २० टक्के वाढवा. मिनिटाला २५० लिटर. एका जम्बो सिलिंडरमध्ये ७ घनमीटर म्हणजे ७,००० लिटर वायू असतो, तेव्हा दिवसाला ५० च्या वर जम्बो.

आता तेच रुग्णालय साथ नसताना बघा. दम्याचा एखादा, न्यूमोनियाचं एखादं पोर, प्रसूतिगृहात अधूनमधून एखादं बाळ. सरासरी मिनिटाला १२ लिटर. दिवसाला अडीच जम्बो. ५० आणि अडीच, वीसपटीचा फरक आहे. प्रकल्प उभा राहतो ५० साठी आणि त्याला वर्षानुवर्षं जगायचं असतं अडीचवर. पुढचे सगळे घोळ या एका फरकातून निघतात.

मागणी मोजताना एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे हाय फ्लो नेझल कॅन्युला, म्हणजे नाकातून मोठ्या प्रवाहानं ऑक्सिजन देणारं यंत्र. २०२०-२१ मध्ये ही यंत्रं देणगीत भरपूर आली. शुद्ध ऑक्सिजनवर मिनिटाला ६० लिटरनं चालवलं तर एकटं यंत्र दिवसाला १२ जम्बो पितं. एक जम्बो दोन तासही पुरत नाही. तोच जम्बो ५ लिटरनं लावला तर २३ तास जातो. सिलिंडरवर चालणाऱ्या रुग्णालयाला असं यंत्र देणं म्हणजे बाकीच्या खाटांचा ऑक्सिजन काढून घेणं. उलट नंदुरबारनं 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या. त्यांचं काम एवढंच: प्रत्येक खाटेपाशी जाऊन पल्स ऑक्सिमीटर बघायचा आणि गरजेपेक्षा जास्त असलेला प्रवाह कमी करायचा. ९२ ते ९६ टक्के पुरेसे असताना ९९ दाखवणाऱ्या रुग्णाचा फ्लोमीटर खाली आणला की तोच साठा जास्त जणांना पुरतो. त्याच जिल्ह्यात जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी दुसऱ्या लाटेच्या आधीच, २०२० मध्ये, प्रकल्प उभारायला सुरुवात केली होती. नाव प्रकल्पाचं झालं, पण माझ्या लेखी नर्सची कल्पना तेवढ्याच तोलाची आहे, आणि तिला खर्च जवळजवळ शून्य.

शेडमध्ये काय काय असतं

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि एक टक्क्याला थोडा कमी आर्गॉन. स्क्रू कॉम्प्रेसर हवा सातेक बारपर्यंत दाबतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). मग ती आफ्टरकूलर, एअर रिसीव्हर, रेफ्रिजरेटेड ड्रायर आणि फिल्टरच्या रांगेतून (१ मायक्रॉन, ०.०१ मायक्रॉन, शेवटी कार्बन) जाऊन झिओलाइटच्या दोन मनोऱ्यांपैकी एकात शिरते. दाबाखाली झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं, ऑक्सिजन वरून निघतो. काही सेकंदांनी व्हॉल्व्ह फिरतात: पहिला मनोरा दाब सोडून नायट्रोजन बाहेर टाकतो, दुसरा कामाला लागतो. आर्गॉन झिओलाइटला ऑक्सिजनपासून वेगळा करता येत नाही, म्हणून शुद्धता ९५-९६ च्या वर जात नाही. ठरलेलं मानक ९३ अधिक-उणे ३ टक्के. ऑक्सिजन टाकीत साठून, जिवाणू फिल्टरमधून साधारण चार बारनं पाइपलाइनला लागतो.

वाचायला सरळ आहे. बिघडतं कुठे? पाणी, उष्णता आणि वीज, याच क्रमानं.

पाण्याचा हिशेब लोक करत नाहीत. मिनिटाला ५०० लिटर ऑक्सिजन काढायला त्याच्या दहा-बारा पट हवा ओढावी लागते, म्हणजे तासाला साडेतीनशे घनमीटरच्या आसपास. कोकणात किंवा विदर्भात जुलैच्या हवेत प्रत्येक घनमीटरमागे वीस-चोवीस ग्रॅम बाष्प असतं. गुणाकार करा: तासाला आठेक लिटर पाणी यंत्रात शिरतं, दिवसाला दोनशे लिटरच्या घरात. हे सगळं रिसीव्हर, ड्रायर आणि फिल्टरच्या तळाच्या ऑटो ड्रेनमधून बाहेर पडायला हवं. ऑटो ड्रेन म्हणजे मुठीएवढी वस्तू. तिच्या जाळीत गंज किंवा तेलाचा चिकटा अडकला की ती बंद, आणि पाणी पुढे झिओलाइटमध्ये. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी फार प्रिय. एकदा घेतलं की जागेवर सुकवता येत नाही. दाणे फुटतात, पांढरी पूड होते, ती व्हॉल्व्हमध्ये आणि पुढच्या फिल्टरमध्ये बसते, आणि शुद्धता ९३ वरून हळूहळू ८८, ८४ अशी उतरते. शेकडो किलो झिओलाइट बदलायचं म्हणजे नव्या खरेदीसारखीच टेंडर प्रक्रिया. सगळं घडतं ते कुणी रोज सकाळी ड्रेनची नळी बघितली नाही म्हणून. पावसाळ्यात ती नळी दर काही मिनिटांनी पिचकारी मारते. मारत नसेल तर कॉम्प्रेसर चालू ठेवू नये, बायपास उघडून हातानं पाणी काढावं आणि जाळी साफ करावी.

प्रकल्प महिनोन् महिने बंद ठेवला तरी हाच परिणाम होतो, फक्त चोरपावलांनी. मनोऱ्यातला दाब उतरतो आणि गळक्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत येते. म्हणून 'गरज नाही म्हणून बंद ठेवलाय' हे वाक्य ऐकलं की दोन पावसाळ्यांनंतर काय सापडेल ते सांगता येतं. बंदच ठेवायचा असेल तर दोन्ही मनोरे दाबाखाली, सगळ्या झडपा बंद करून ठेवायचे, आणि आठवड्यातून एकदा तरी पूर्ण क्षमतेवर, शुद्धता ९० च्या वर स्थिर होईपर्यंत चालवायचा.

उष्णतेचं गणित सोपं आहे. कॉम्प्रेसर घेतो ती जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ५० किलोवॅटचा कॉम्प्रेसर पत्र्याच्या बंद शेडमध्ये म्हणजे एक किलोवॅटचे ५० हीटर. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना आत काय होणार? तेलाचं तापमान शंभरी ओलांडतं आणि यंत्र स्वतःला बंद करतं. ऑपरेटर दार उघडतो, मग धूळ आत येते आणि हवेचा फिल्टर चोंदतो. उपाय साधा आहे: गरम हवा बाहेर नेणारं डक्ट आणि समोरच्या भिंतीत खाली जाळीची मोठी खिडकी. नकाशात हे असतं, पण बांधकाम करणारा खर्च वाचवतो. आणखी एक वाईट सवय म्हणजे जनरेटर त्याच शेडच्या बाजूला बसवणं. त्याच्या धुराड्याचा झोत कॉम्प्रेसरच्या तोंडाशी आला की कार्बन मोनॉक्साइड आणि डिझेलचा वास हवेबरोबर आत जातो. हवा ओढण्याचं तोंड धुराड्यापासून, कचऱ्याच्या खड्ड्यापासून आणि शौचालयाच्या व्हेंटपासून लांब हवं.

विजेचं बिल

आता मूळ मुद्दा. ५०० लिटरच्या प्रकल्पाला तासाला साधारण ५० युनिट लागतात. पूर्ण क्षमतेवर तासाला ३० घनमीटर ऑक्सिजन, म्हणजे चारहून थोडे अधिक जम्बो. युनिटला ९ रुपये धरले तर एका जम्बोला वीज साधारण १०५ रुपयांची. बाहेरून भरून आणायचा तर? सप्टेंबर २०२० मध्ये एनपीपीएनं (औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणानं) सिलिंडरमधल्या ऑक्सिजनचा कमाल दर घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे ठरवला होता, म्हणजे जम्बोला १८० रुपये, वर जीएसटी आणि वाहतूक. साथीच्या काळात प्रकल्प स्वस्त पडतो, आणि सिलिंडरचा ट्रक वेळेवर येईल की नाही ही टांगती तलवारही राहत नाही.

साथ ओसरल्यावर? मागणी मिनिटाला १२ लिटर. कॉम्प्रेसर बहुतेक वेळ रिकामा फिरतो, पण रिकामा फिरतानाही पूर्ण भाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वीज खातो. तासाला १७ युनिट धरले तर दिवसाला चारशेच्या वर युनिट, साडेतीन हजारांच्या वर रुपये, आणि हाती येतात अडीच जम्बो. एक जम्बो जवळजवळ दीड हजाराला पडला. वैद्यकीय अधीक्षकांनी कुलूप लावलं तर त्यांना दोष कसा देणार? त्यांच्या जागी कुणीही असतं तरी सिलिंडरच मागवले असते.

वर कुलूप लावलं तरी बिल सुटत नाही. प्रकल्पासाठी विजेचा मंजूर भार वाढवून घेतलेला असतो, महावितरणची डिमांड नोट भरलेली असते, कधी रोहित्रही बदललेलं असतं. वाढीव भाराचा स्थिर आकार यंत्र बंद असतानाही दर महिन्याला येतो. वीज गेल्यावर जनरेटरवर चालवायचं तर तासाला साधारण १५ लिटर डिझेल. हे पैसे रुग्ण कल्याण समितीच्या तुटपुंज्या निधीतून काढायचे की जिल्ह्याकडे मागायचे, यावर पत्रव्यवहार चालू राहतो.

यातून सुटायचा एक चांगला रस्ता आहे आणि तो देणगीदार क्वचितच निवडतात: बूस्टर कॉम्प्रेसर आणि सिलिंडर भरण्याचा रॅम्प. प्रकल्पाचा चार-पाच बारचा ऑक्सिजन दीडशे बारपर्यंत दाबून सिलिंडरमध्ये भरायचा. मग यंत्र चोवीस तास रिकामं फिरवायची गरज उरत नाही. दिवसातून दोन तास पूर्ण क्षमतेवर चालवलं की आठ जम्बो भरतात. अडीच स्वतःला, बाकीचे आजूबाजूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना आणि रुग्णवाहिकांना. यंत्र रोज फिरतं, झिओलाइट कोरडं राहतं, ऑपरेटरचा हात सुटत नाही. तीन ग्रामीण रुग्णालयांना तीन प्रकल्प देण्यापेक्षा एका उपजिल्हा रुग्णालयात बूस्टरसह एक प्रकल्प आणि बाकी दोघांना पाइपलाइन, १० अधिक १० सिलिंडरचा मॅनिफोल्ड (सिलिंडर एकत्र पाइपलाइनला जोडणारा संच) व शंभर भरलेले-रिकामे सिलिंडर दिले तर पैसा कमी लागतो आणि काम जास्त होतं. दोन अटी: बूस्टर तेलविरहितच हवा, कारण दीडशे बारच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा थेंबही पेट घेतो, आणि सिलिंडरवर '९३ टक्के' असं लेबल हवं, कारण बाहेरचा द्रव ऑक्सिजनपासून भरलेला सिलिंडर ९९.५ टक्क्यांचा असतो. भरण्याच्या परवानग्या नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोकडून (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडून) आधी घ्याव्या लागतात, नंतर नाही.

द्रव ऑक्सिजनची टाकी देऊ का, असंही विचारतात. छोट्या रुग्णालयाला नको. उणे १८३ अंशांचा द्रव वापरला नाही तरी उकळून उडत राहतो, टँकर वळेल एवढा रस्ता लागतो, आणि भरताना प्रशिक्षित माणूस लागतो. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकमध्ये टाकीची गळती झाली, दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. शहरातल्या रुग्णालयात ही वेळ येते, तर तालुक्याला धाडस कशाला.

ताबा घेताना

पुरवठादार चाचणी दाखवतो तेव्हा पडद्यावर ९५ टक्के दिसतात आणि टाळ्या पडतात. त्या वेळी बाहेर जाणारा प्रवाह किती आहे ते विचारा. झडप जेमतेम उघडी असताना कुठलाही प्रकल्प ९५ दाखवतो. प्रवाह वाढवला की शुद्धता उतरते. चाचणी पूर्ण ५०० लिटरवर, सलग ७२ तास व्हायला हवी आणि दर तासाची नोंद रुग्णालयाच्या माणसानं करायला हवी, पुरवठादाराच्या नव्हे. शुद्धता मोजणारा विश्लेषक खरा बोलतोय का हे बघायला दोनच गोष्टी पुरतात: बाहेरच्या हवेवर २०.९ आणि द्रव ऑक्सिजनपासून भरलेल्या सिलिंडरवर ९९ च्या वर. त्याचा सेन्सर वर्ष-दोन वर्षांत संपतो आणि संपताना तो खोटे आकडे देतो, बंद पडत नाही.

मग पाइपलाइनला दाब देऊन २४ तास सोडायची आणि काटा बघायचा. शेवटी रुग्ण नसताना मेन स्विच पाडायचा. जनरेटर किती सेकंदांत उचलतो, तोवर मॅनिफोल्ड आपोआप जागा घेतो का, वॉर्डातला अलार्म वाजतो का, आणि तो ऐकायला रात्री कुणी असतं का? नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं वायू सोडणारी झडप) उलटा बसवल्यामुळे किंवा चिकटल्यामुळे सिलिंडरचा ऑक्सिजन उलट प्रकल्पाकडे पळतो, हे याच चाचणीत पकडलं जातं.

कागदाचंही तेवढंच. यंत्र रुग्णालयाच्या डेडस्टॉक रजिस्टरवर (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीवर) चढलं नाही तर पुढे त्याच्या फिल्टरसाठी एक रुपयाही कोषागारातून निघत नाही. लेखापरीक्षक विचारतो, 'ही वस्तू तुमची आहे का?' आणि देणगीपत्र कंपनीच्या मुंबईच्या कार्यालयात असतं. कंपनीच्या बाजूनंही २०२१ च्या सीएसआर नियमांप्रमाणे अशी मालमत्ता सार्वजनिक प्राधिकरण, नोंदणीकृत न्यास किंवा संस्था, नाहीतर लाभार्थ्यांच्या गटाच्या नावे असावी लागते. कंपनीला ती स्वतःकडे ठेवता येत नाही. तेव्हा हस्तांतर कागद, किंमत दाखवणारं बिल, सुट्या भागांची यादी आणि मंजूर भाराची प्रत लोकार्पणाच्या आधी वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर हवी.

'देखभालीचा खर्च सीएसआरमध्ये बसत नाही' हे कारण मात्र ऐकून घेऊ नका. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे असतात. करोनावरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाईल हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं २३ मार्च २०२० ला आणि ऑक्सिजन प्रकल्पांबद्दल ५ मे २०२१ ला स्पष्ट केलं. त्याच कायद्यात 'चालू प्रकल्प' नावाची सोय आहे: प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षं खर्च करता येतो, न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची. वीजबिल, ऑपरेटर, देखभाल करार हे सगळं त्यात बसवता येतं. अडचण कायद्याची नसते, मार्चअखेरीची असते. ३१ मार्चच्या आत पैसा उडवायला यंत्र खरेदी सर्वांत सोपी, तीन वर्षं पगार देणं कटकटीचं.

यंत्र न देता काय देता येईल

तालुक्याच्या एमआयडीसीत जिथे दहा कारखाने आहेत तिथे बहुधा स्क्रू कॉम्प्रेसर आहे, आणि ते सांभाळणारा फिटरही. त्याला ड्रेन, तेल, सेपरेटर, बेल्ट यातलं काही सांगावं लागत नाही. रुग्णालयात मात्र ऑपरेटर म्हणून कक्षसेवकाला उभं केलेलं असतं. शेजारच्या कंपनीनं महिन्यातून दोनदा आपला फिटर आणि इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस अर्ध्या दिवसासाठी पाठवला, दर दोन हजार तासांना तेल आणि हवेचा फिल्टर, चार हजारांना सेपरेटर आपल्या स्टोअरमधून दिला, तर खर्च कंपनीच्या ताळेबंदात दिसणारही नाही. फोटो मात्र बरा येत नाही, एवढाच तोटा. फिटरला एक ताकीद द्यायची: हवेच्या बाजूला ग्रीस चालेल, ऑक्सिजनच्या बाजूला कुठेही नाही, सांध्यावर नाही आणि हातमोज्यावरही नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी कॉन्सन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं छोटं यंत्र) हीच योग्य देणगी. पण ५ लिटरचं यंत्र साडेतीनशे वॅट खातं. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका इन्व्हर्टर बॅटरीवर ते तीन-साडेतीन तास चालतं, रात्रभर नाही. म्हणून यंत्रासोबत दोन बॅटऱ्या, स्टॅबिलायझर आणि एक भरलेला सिलिंडर हवा. स्पंजचा फिल्टर दर आठवड्याला धुवायचा, ह्युमिडिफायरमधलं पाणी रोज बदलायचं, आणि एका यंत्राला दोन रुग्ण जोडायचे तर दोघांना मिळून पाचच लिटर मिळतात हे लक्षात ठेवायचं. याचा दाब इतका कमी असतो की ते पाइपलाइनला किंवा व्हेंटिलेटरला जोडून काही उपयोग नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींनी २०२१ मध्ये गावाकडे आठवणीनं यंत्रं पाठवली. पुढच्या वेळी पाठवताना पाटीवरचे दोन आकडे वाचा: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतलं यंत्र ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जुळवता येतात, हर्ट्झ नाही. कॉम्प्रेसर सावकाश फिरतो, प्रवाह आणि शुद्धता घसरते, मोटर तापते, आणि त्याचे सुटे भाग आपल्याकडे मिळत नाहीत. कपाटात ठेवलेली यंत्रंही महिन्यातून एकदा अर्धा तास चालवावी लागतात, कारण त्यांच्याही पोटात झिओलाइटच आहे.

आणि ज्यांना प्रकल्पच द्यायचा आहे त्यांनी करारात चौथ्या वर्षाचं कलम आवर्जून घालावं. वॉरंटी संपली, रुग्णालयाला यंत्र परवडत नाही असं ठरलं, तर ते कुठल्या उपजिल्हा रुग्णालयात हलवायचं, क्रेन आणि ट्रक कुणाचा, नव्या जागी पाया आणि केबल कुणी करायची, आणि निर्णय जिल्हा शल्य चिकित्सकांनी किती दिवसांत द्यायचा. हे चार मुद्दे आधी लिहिलेले नसले की सरकारी मालमत्तेला हात लावायला कुणी धजत नाही आणि यंत्र शेडमध्येच भंगारात निघतं.